ताट वेगळे करायचे की खिडकी उघडायची?

संसर्गजन्य आजाराच्या रुग्णाची शुश्रूषा या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे मागील अंकात कळवले होते. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. पत्रांत आजार निरनिराळे होते, पण एक वाक्य मात्र जवळपास सगळीकडे होते, ते म्हणजे "ताट-वाटी वेगळी केली आहे, आणखी काय करावे?" मिरजेच्या रुग्णालयांत 1985 पासून 2021 पर्यंत परिचारिका म्हणून काम करताना हेच वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, या वेळी उत्तरांची सुरुवात तेथूनच करते. औषध कोणते आणि किती घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. मी शुश्रूषेपुरतेच बोलेन. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब असून द्राक्षबाग आहे. माझे धाकटे दीर, वय 28, यांना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे तीन आठवड्यांपूर्वी निदान झाले आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. सासूबाईंनी त्यांचे ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळे करून त्यांना बागेतील फवारणीची औषधे ठेवण्याच्या खोलीत झोपायला पाठवले आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्यामुळे भीती मलाही वाटते. पण भाऊजी दिवसेंदिवस गप्प होत चालले आहेत. आमचे काही चुकते आहे का? (तासगाव)

उत्तर : ताई, चुकते आहे, पण ते रागावून सांगण्यासारखे नाही, कारण सासूबाई जे करत आहेत ते त्यांनी त्यांच्या सासूबाईंकडून पाहिलेले असणार. सर्वांत आधी भाऊजींना त्या खोलीतून बाहेर काढा. फवारणीची औषधे ठेवण्याच्या खोलीला बहुधा खिडकी नसते, असली तरी चोरीच्या भीतीने बंद असते, आणि ज्याची फुप्फुसे आधीच आजारी आहेत त्याला रात्रभर तो वास घ्यायला लावणे हे आजारात भर घालणे आहे.

प्रत्येक संसर्गजन्य आजाराची एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट ठरलेली असते. क्षयरोगाची वाट हवेची आहे. रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो, तेव्हा अतिसूक्ष्म थेंबांबरोबर जंतू बाहेर पडतात, बंद खोलीत ते कित्येक तास तरंगत राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. ताट, वाटी, तांब्या, कपडे, हस्तांदोलन यांतून क्षयरोग पसरत नाही. म्हणजे जी वाट नाहीच ती घरोघरी काटेकोरपणे अडवली जाते, आणि जी खरी वाट आहे ती, दारे-खिडक्या लावून घेतल्यामुळे, अधिकच सोपी होते. भाऊजींचे ताट तुमच्या ताटांबरोबर, नेहमीच्याच साबणाने घासा. त्यांनी ओसरीवर, मोकळ्या हवेत, सर्वांबरोबर जेवायला बसण्यात काही धोका नाही.

झोपण्यासाठी काही दिवस वेगळी खोली असावी हे बरोबर आहे, मात्र ती उजेडाची आणि वाऱ्याची हवी. खोलीत वारा कसा वाहतो हे पाहण्याची आमची एक जुनी युक्ती आहे. उदबत्ती लावून ती दारात, मग खोलीच्या मध्यभागी आणि मग खिडकीजवळ धरायची आणि धूर कोणीकडे जातो ते पाहायचे. धूर दारातून आत येऊन खिडकीतून बाहेर जात असेल, तर रुग्णाची खाट खिडकीजवळ ठेवावी आणि भेटायला येणाऱ्याने दाराच्या बाजूला बसावे, म्हणजे वारा आपल्याकडून रुग्णाकडे आणि तेथून बाहेर जातो. धूर खोलीतच घोटाळत राहिला, तर ती खोली दिसायला कितीही चांगली असली तरी क्षयरुग्णासाठी उपयोगाची नाही. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला आणि वर पाचगणीला क्षयरुग्णांसाठी जी आरोग्यधामे उभी राहिली, त्यांच्या काळात गुणकारी औषध नव्हतेच. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढ्यावरच सगळी भिस्त होती. औषधे आल्यावर आपण हवा विसरलो, हे काही बरे झाले नाही.

खोकताना तोंडावर रुमाल धरणे आणि घरात इतरांच्या सहवासात असताना साधा मास्क लावणे हे भाऊजींचे काम. थुंकण्यासाठी झाकणाचे भांडे द्या, त्यात तळाला फिनाईलचे पाणी घाला, आणि दिवसाच्या शेवटी, शेवटचे थुंकल्यावर तासभर जाऊ देऊन, ते शौचालयात ओता. भांडे धुणाऱ्याने नंतर साबणाने हात धुवावेत. बागेत, बांधावर थुंकायचे नाही, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगा. गड्यांसमोर भांडे घेऊन बसायची लाज वाटते, म्हणून पुरुष बांधावर जातात, हे मी पाहिले आहे.

नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षयरोग असेल, तर नियमित गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत रुग्णापासून होणारा संसर्ग पुष्कळ कमी होतो. भाऊजींना तीन आठवडे झाले आहेत, म्हणजे सर्वांत धोक्याचा काळ बहुधा मागे पडला आहे. जंतू औषधांना दाद देणारे आहेत ना, हे थुंकीच्या तपासणीत पाहिलेले असते. ते दवाखान्यात विचारून खात्री करून घ्या. तोपर्यंत त्यांच्या बंद खोलीत बराच वेळ बसणाऱ्याने एन-95 मास्क वापरावा. उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो, पहिले 2 महिने चार औषधे आणि पुढील 4 महिने तीन. आता शुश्रूषेतील सर्वांत अवघड भाग सांगते. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणसाला आपण बरे झालो असे वाटते आणि गोळ्या बंद होतात. तेथेच रोग उलटतो आणि औषधांना न जुमानणारा होऊन बसतो. म्हणून रोजची गोळी कोणाच्या तरी डोळ्यांसमोर घेतली जावी. हे काम सासूबाईंना द्या. ज्यांनी ताट वेगळे केले त्यांच्याच हाती गोळ्यांचे पाकीट आले, की भीती हळूहळू काळजीत बदलते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. या गोळ्यांतील रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी सांगितले नाही, तर माणूस घाबरतो. एका तरुणाने लघवीतून रक्त जाते असे समजून अकरा दिवस गोळ्या गादीखाली साठवून ठेवल्या होत्या; चादर बदलताना त्या माझ्या हाती लागल्या. रंग बदलणे निरुपद्रवी आहे. मात्र भूक जाऊन उलट्या होणे, डोळे पिवळे होणे, नजर अंधूक होणे किंवा हाता-पायांना मुंग्या येणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि रेटतही राहायच्या नाहीत.

तुमच्या मुलाला उद्याच्या उद्या तपासणीसाठी न्या. पाच वर्षांखालील मूल अशा घरात असेल, तर त्याला क्षयरोग नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात आणि ते सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. घरातील इतरांचीही तपासणी होते. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यावर दरमहा 1000 रुपये जमा होतात. पूर्वी ते 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढले. बँकेचे पुस्तक दवाखान्यात दिले नसेल तर द्या.

प्रश्न : मी परिचर्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार महिन्यांपूर्वी वॉर्डमध्ये वापरलेल्या सुईला टोपी बसवताना ती माझ्या बोटात गेली. सीनियर सिस्टर म्हणाल्या, "बभ्रा करू नकोस, हात धू." मी बोट दाबून रक्त काढले, सॅनिटायझर लावले आणि कोणालाही सांगितले नाही. तो रुग्ण कोण होता हेही आता आठवत नाही. रात्री झोप लागत नाही. (मिरज)

उत्तर : बाळ, तुझे पत्र मी दोनदा वाचले. आधी धीराचे सांगते. ज्याला एचआयव्ही आहेच अशा रुग्णाची सुई टोचली, तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीन इतकीच असते. तुझ्या बाबतीत रुग्ण बाधित होता हेही ठरलेले नाही. चार महिने उलटले असल्यामुळे आता केलेल्या एचआयव्ही चाचणीचे उत्तर विश्वासार्ह असेल. ही चाचणी सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात विनामूल्य होते आणि गुप्त ठेवली जाते. त्याबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी या रक्तातून पसरणाऱ्या दोन्ही काविळींची तपासणी करून घे, आणि सीची तपासणी सहा महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा कर. खरे पाहता सुईच्या बाबतीत सर्वांत धास्ती हिपॅटायटिस बीची धरावी, कारण रुग्ण बाधित असेल आणि टोचून घेणाऱ्याने लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते. लसीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. वॉर्डमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी ते तुला मिळायला हवे होते. मिळाले नसतील तर तपासणीनंतर सुरू कर.

आता हे उत्तर तुझ्या मागून येणाऱ्या मुलींसाठी. सुई टोचली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. बोट दाबून रक्त काढायचे नाही, तोंडात घालायचे नाही, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचे नाही. मग ताबडतोब, कामाची पाळी (शिफ्ट) संपण्याची वाट न पाहता, ड्यूटीवरील डॉक्टरांना सांगायचे. एचआयव्हीविरोधी औषध द्यायचे ठरले, तर ते शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि 28 दिवस घ्यावे लागते. "बभ्रा नको" या दोन शब्दांत हे 72 तास निघून जातात. त्या सिस्टरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. आमच्या पिढीला तसेच शिकवले गेले. मी रुजू झाले तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा वापरल्या जात, सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावली जाई, आणि बोटाला टोचले तर ते कामातील हलगर्जीपणाचे लक्षण मानून मुलगी ते लपवत असे. पण तेव्हाची ती पद्धत आज चालवून घेणे हा गुन्हाच म्हणावा लागेल.

वापरलेल्या सुईला टोपी बसवायची नाही. कटरने सुई तोडायची आणि ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, कारण काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई कोंबताना टोचण्याचे प्रकार होतात. डबा खाटेपासून लांब असला की थकलेली मुलगी टोपी बसवतेच. म्हणून नुसते मुलींना रागावून उपयोग नाही, डबा ट्रॉलीवर आणा, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगत आले.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या नातीला कांजिण्या आल्या आहेत. सासूबाई, वय 81, तिला अंघोळ घालू देत नाहीत, कडुलिंबाचा पाला अंथरतात आणि औषध देऊ देत नाहीत. मोठी मुलगी पाच महिन्यांची गर्भवती असून ती परवा माहेरपणाला येणार आहे. (कोरेगाव)

उत्तर : मुलीला आजच फोन करून येणे पुढे ढकला, पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट ही आहे. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत कांजिण्यांचा संसर्ग होतो आणि तो हवेतूनही होतो. मुलीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील किंवा लस झाली असेल, तर धोका फारसा नाही. येऊन गेल्या नसतील, किंवा नक्की आठवत नसेल, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत तिची नातीशी भेट झाली असेल, तर पुरळाची वाट न पाहता तिने आपल्या डॉक्टरांना कळवावे, कारण गर्भवतीसाठी संरक्षक उपाय आहेत, पण ते वेळेत करावे लागतात. नातीच्या सगळ्या खपल्या धरल्यावरही मुलीने लगेच निघू नये. घरात आणखी कोणाला लागण झाली असेल तर ती 10 ते 21 दिवसांनी दिसते, आणि पुरळाच्या आधीच संसर्ग सुरू होतो. मुलीला संरक्षण नसेल, तर तोवर थांबलेले बरे.

अंघोळीने कांजिण्या "आत जात" नाहीत. कोमट पाण्याने, न घासता अंघोळ घालावी, मऊ पंचाने टिपून घ्यावे, सुती सैल कपडे घालावेत आणि नखे अगदी बारीक कापावीत. खाजवलेल्या फोडात पू होतो आणि वण राहतो तो त्यामुळेच. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन लहान मुलाला या आजारात कधीही देऊ नये, त्यातून मेंदू आणि यकृताचा गंभीर विकार होऊ शकतो. झोपाळूपणा वाढला, श्वास जोरात चालू लागला किंवा फोडांभोवती लालभडक सूज आली, तर तिला तत्काळ दवाखान्यात न्या.

राहता राहिला कडुलिंब. सासूबाईंशी त्यावरून भांडू नका. पाला स्वच्छ धुतलेला असेल तर अंथरुणाशेजारी राहू द्या. दारावर कडुलिंबाची डहाळी लावली की शेजारीपाजारी घरात शिरत नसत, मुले खेळायला येत नसत आणि आजारी मुलाला विश्रांती मिळे. आमच्या विलगीकरण वॉर्डाच्या दारावर लाल अक्षरांची पाटी असते, तिचे काम खेड्यात ती डहाळी करत आली आहे. डहाळी दारावर असू द्या आणि औषध आत चालू द्या, असे सांगितले तर एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला ते पटू शकते.

प्रश्न : पूर ओसरल्यावर आमच्या भागात कावीळ आणि जुलाबाचे रुग्ण आहेत. माझ्या भावाला कावीळ झाली आहे. संडास, कपडे आणि फरशी कशाने व किती स्वच्छ करावी? पथ्य काय असावे? शेजारी हळद बंद करायला सांगतात. (भिलवडी)

उत्तर : येथे वाट विष्ठेतून हातावर, हातावरून पाण्यात किंवा अन्नात आणि तेथून तोंडात अशी आहे. म्हणून क्षयरोगाला जे लागू नव्हते ते येथे लागू होते. काविळीच्या रुग्णाचे पाणी पिण्याचे भांडे वेगळे असलेले बरे, त्याने स्वयंपाकाला हात लावू नये आणि शक्य असल्यास त्याच्यासाठी वेगळे शौचालय असावे. तेही शक्य नसेल, तर प्रत्येक वापरानंतर साबणाने हात धुणे, हा एक नियम तरी न चुकता पाळावा. हात धुणे म्हणजे पाण्याखालून हात काढणे नव्हे. तळहात, पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखे यांना साबण लागायला हवा आणि सगळे मिळून 40 ते 60 सेकंद तरी लागायला हवेत. शौचालयाच्या कडीला आणि नळाच्या तोटीला लोक विसरतात. आपण धुतलेल्या हाताने ज्या तोटीला हात लावतो, ती मघाशी न धुतलेल्या हाताने उघडलेली असते.

ग्रामपंचायतीकडून मिळणारी ब्लीचिंग पावडर ताजी असेल, तर 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, घातल्यावर सुमारे 1 टक्का क्लोरीनचे द्रावण होते. विष्ठा किंवा उलटी पडलेल्या जागेसाठी हे प्रमाण वापरावे. रोजच्या फरशीसाठी निम्मी पावडर पुरते. मात्र आधी घाण कागदाने किंवा जुन्या फडक्याने उचलून घ्यावी, कारण घाणीवर नुसते द्रावण ओतले तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडते आणि जंतू तसेच राहतात. द्रावण ओतून वीस मिनिटे थांबावे, मग पुसावे. ते रोज ताजे करावे, प्लास्टिकच्या बादलीत करावे आणि हातमोजे घालावेत. खराब कपडे झटकू नयेत. आधी घाण काढून, उकळत्या पाण्यात भिजवून, नेहमीप्रमाणे धुवावेत आणि उन्हात वाळवावेत.

एक सूचना मात्र ठळकपणे. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. आमच्या वॉर्डातील एका मावशींनी, अधिक स्वच्छ व्हावे या भाबड्या समजुतीने, बंद न्हाणीघरात दोन्ही एकत्र ओतले. क्लोरीन वायूने त्यांचा श्वास कोंडला आणि ज्या रुग्णांची त्या सेवा करत होत्या त्यांच्याच शेजारच्या खाटेवर त्यांना दोन दिवस ऑक्सिजनवर राहावे लागले. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ती चूक त्यांची नव्हे, आम्हा परिचारिकांची होती.

पथ्याविषयी थोडक्यात. पाणी खळखळून उकळलेले, जेवण ताजे आणि झेपेल तेवढे, दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी वा काढा नाही, कारण यकृतावर आधीच ताण असतो. तेल-तूप अगदी बंद करण्याची गरज नसते. मळमळत असेल तेव्हा माणूस आपोआपच कमी खातो. उसाचा रस लोक औषध म्हणून पाजतात, पण पुरानंतरच्या दिवसांत रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस हीच कावीळ नव्याने आणण्याची सोय आहे. आणि हळद! सांगली ही हळदीची पेठ. तेथील माणसाने काविळीत हळद वर्ज्य करावी, याचे कारण दोन्हींचा रंग पिवळा, एवढेच असल्याचे मला तरी दिसते. फोडणीतील चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही. घरात गर्भवती स्त्री असेल तर मात्र विशेष जपा. हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

जुलाबाच्या रुग्णासाठी ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच कालवावे. पेल्यात थोडी थोडी पावडर टाकून करू नये. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे.

प्रश्न : पतीला डेंगी झाला आहे. त्यांची भांडी व कपडे वेगळे ठेवले आहेत. आणखी काय? (कराड)

उत्तर : भांडी आणि कपडे पुन्हा एकत्र करा, डेंगी स्पर्शाने पसरत नाही. त्याची वाट डासाची आहे, आणि तो डास दिवसा चावतो. म्हणून तापाच्या दिवसांत पतींना दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्यांना चावलेला डास तुम्हाला चावणार नाही, आणि कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, छतावरचे टायर आठवड्यातून एकदा कोरडे करा. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत सावधगिरीचे असतात. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची मरगळ दिसली तर रात्र असली तरी थांबू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या जवळच्या नायगावच्या सावित्रीबाईंनी प्लेगच्या रुग्णांची हातांनी सेवा केली आणि त्यातच प्राण सोडला. माझ्या पत्नीला स्वाइन फ्लू झाला तेव्हा रुग्णालयातील परिचारिका जेवणाचा ट्रे दारात ठेवून जात आणि दारातूनच विचारपूस करत. सेवाभाव कमी झाला, की नियमच असा आहे? (शिरवळ)

उत्तर : गुरुजी, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

सावित्रीबाईंचे निधन 10 मार्च 1897 रोजी झाले. प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोहोचवले, हे आपण जाणताच. पण प्लेगची वाट उंदरावरील पिसवेतून जाते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये दाखवून दिले, म्हणजे सावित्रीबाईंच्या निधनानंतर वर्षभराने. सेवा करणाऱ्याने स्वतःला कशापासून वाचवायचे, हे त्या वेळी पुण्यातच काय, जगात कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. ठाऊक असूनही मास्क न लावता रुग्णाजवळ जाणारी परिचारिका सावित्रीबाईंच्या वाटेने जात नाही. ती तोच विषाणू शेजारच्या खाटेवरील रुग्णाकडे आणि संध्याकाळी आपल्या घरी नेते. तेव्हा मास्क, हातमोजे आणि गाऊन यांना सेवाभावातील उणीव मानू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या बाजूने आहे. स्वाइन फ्लूचे थेंब मुख्यतः जवळच्या अंतरावर, मीटरभरात पडतात. व्यवस्थित मास्क लावून, आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर हात धुऊन, परिचारिकेने रुग्णाच्या खाटेपर्यंत जाणे अपेक्षितच आहे. ट्रे दारात ठेवून जाणे हा कोणत्याही नियमाचा भाग नाही. धाप लागलेल्या माणसाने उठून दारापर्यंत यायचे, हे तर उलट धोक्याचे. नियम असा आहे की फेऱ्या कमी कराव्यात आणि एका फेरीत जास्त कामे उरकावीत. ताप, नाडी, ऑक्सिजनची पातळी, औषध, जेवण, कूस बदलणे हे एकत्र करावे, आणि पुढची फेरी किती वाजता होईल हे रुग्णाला सांगून ती वेळ पाळावी. एकटे पडलेल्या रुग्णाला "साडेचारला येते" या शब्दांचा आधार वाटतो, पण साडेचारला कोणी आले नाही तर तो आधार आठवडाभर परत येत नाही.

मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत नाही. 2020 मध्ये कोविड वॉर्डात पूर्ण किट घालून सहा-सहा तास काम करावे लागे, चष्म्यावर वाफ धरे, आणि आम्हीही दारातूनच विचारू लागलो होतो. पलीकडच्या खोलीतील एक वयस्कर गृहस्थ दोन दिवस प्रत्येक वेळी नुसती मान हलवत. तिसऱ्या दिवशी मी आत जाऊन खाटेशेजारी वाकले, तेव्हा त्यांनी हळूच सांगितले की त्यांचा चष्मा खाटेखाली पडला आहे आणि चष्म्याशिवाय दारात कोण उभे आहे, तेच मघाचे माणूस की दुसरे, हे त्यांना कळतच नाही, सगळे पांढरे. वाकून चष्मा काढायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. त्या संध्याकाळपासून आम्ही किट चढवल्यावर छातीवर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहू लागलो, आणि ते गृहस्थ मला नावाने हाक मारू लागले.

आपण त्या रुग्णालयाच्या मेट्रनना पत्र लिहावे. तक्रार म्हणून नको वाटत असेल तर सूचना म्हणून लिहा, पण तारीख आणि वेळ घालून लिहा. तसे पत्र आले तर प्रमुख परिचारिकेला पाळ्या लावताना आणखी एक माणूस मागता येतो.